पाण्याची नोट

पडद्यावरची निळी रेघ खाली उतरायची थांबेचना.

डॉ. उर्वी सोनटक्के गेली बारा वर्षं एकच काम करत होती. जमिनीत भूवेधी लहरी सोडायच्या, त्या परत कशा येतात ते ऐकायचं, आणि खाली माती आहे, खडक आहे की बर्फ, ते ओळखायचं. मंगळावरच्या अंगारक प्रजासत्ताकाच्या भूजल विभागाची ती प्रमुख होती. पण प्रमुखाच्या वाट्याला आजवर आले होते ते बर्फाचे पापुद्रे. कुठे वीतभर, कुठे हातभर. आज रेघ पन्नास मीटरच्या खाली गेली, शंभरच्या खाली गेली, तरी निळीच राहिली, म्हणजे बर्फच.

"यंत्र बिघडलंय," इम्तियाज मुजावर म्हणाला. वेधगाडीचा अभियंता तोच, त्यामुळे यंत्र बिघडलं की बोलणी त्यालाच बसायची. त्याने तारा काढल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. गाडी अर्धा किलोमीटर पुढे नेली. रेघ निळीच. आणखी पुढे नेली. निळीच.

इम्तियाजने गाडी थांबवली.

"उर्वी, हा तलाव नाही," इम्तियाज शेवटी म्हणाला. "हा समुद्र आहे गं. गोठलेला."

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

अंगारकावर पाणी हे नुसतं पाणी नव्हतं, तेच तिथलं चलन होतं. नोटेचं नाव घागर, चिल्लरीचं नाव ओंजळ. प्रत्येक नोटेवर छापलेलं असे: 'धारकास मागताक्षणी एक घागर पाणी देण्यात येईल.' जलकोषाच्या टाक्यांत जितक्या घागरी पाणी, तितक्याच नोटा. वापरलेलं पाणी परत केलं की थोडी घट कापून नोट परत मिळे. ती घट वर्षानुवर्षं साचत गेली आणि माणसं मात्र वाढत गेली. माणसं दुप्पट झाली, नोटा पाऊणपट. मग व्हायचं तेच झालं. नोट दुर्मिळ झाली म्हणून महाग झाली, आणि नोट महाग म्हणजे बाकी सगळं स्वस्त. ऐकायला बरं वाटतं. पण उद्याची भाकरी आजच्याहून स्वस्त मिळणार असेल तर आज नोट मोडतो कोण? ज्याच्याकडे होती तो ती दाबून बसला. माल पडून राहिला, शेतघुमट बंद पडले, मजूर घरी बसले. मजुरी नाही म्हणून नोट नाही, आणि नोट नाही म्हणून पाणी नाही.

त्या काळाला लोक 'कोरड' म्हणत. उर्वीचे वडील तिसऱ्या शेतघुमटात टोमॅटो लावायचे. घुमट बंद पडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर बाबा तिच्यासमोर पेला नुसता ओठाला लावायचे आणि "झालं माझं" म्हणून तिच्याकडे सरकवायचे. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तर म्हणाले, "मला मुळात तहानच कमी."

तो काळ सरून तीस वर्षं होत आली होती. कोरड तितकी जीवघेणी राहिली नव्हती, पण संपलीही नव्हती. म्हणून गाडी गावाकडे वळवताना उर्वीला वाटलं, आज आपण ती संपवली.

जलकोषाचे अध्यक्ष भालचंद्र टिपणीस ऐंशीच्या घरात आले होते. उंच, वाळलेले, कायम ताठ बसणारे. उर्वीने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याशिवाय हे कोणाला माहीत आहे?"

"मुजावरांना. पण साहेब, किती पाणी आहे ते तुम्ही विचारलंच नाहीत!"

"किती आहे?"

"टाक्यांतल्या पाण्याच्या लाखपट. कदाचित जास्तच."

टिपणिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही हे उद्या सकाळी जाहीर केलंत, तर दुपारी घागरीची किंमत काय असेल?"

"पाणी फुकट होईल!"

"मी पाण्याचं विचारलं नाही, नोटेचं विचारलं."

उर्वी समोरच्या खुर्चीत बसली.

"पृथ्वीवर स्पेन देशाला समुद्रापार चांदीचे डोंगर सापडले," टिपणीस म्हणाले. "गलबतं भरभरून चांदी आली. लोकांना वाटलं, देश श्रीमंत झाला. पण गहू होता तेवढाच होता, लोकर होती तेवढीच होती. वाढली ती फक्त चांदी. म्हणून भाव चढत गेले, आणि एवढी चांदी असून त्यांच्या राजावर पुन्हा पुन्हा दिवाळं काढायची पाळी आली. त्यांची चांदी निदान हळूहळू येत होती. तुमचं पाणी एका दिवसात येईल. लोक पाणी पितील हो, पण खातील काय? कोण कोणाला कशाच्या बदल्यात पीठ देईल?"

"मग पाण्याशी न बांधलेल्या नोटा काढा."

"काढल्या होत्या. छपाईचं वर्ष शाळेत शिकलात ना?"

अंगारकावरच्या पोरासोरांनाही ते वर्ष ठाऊक होतं. जलकोष स्थापन होण्याआधी नोटा प्रजासत्ताकाचा कारभार पाहणारं पंचमंडळ छापत असे. ज्याने ओरडा केला त्याच्यासाठी छापत असे. शेवटी शेवटी सकाळी एका नोटेला मिळणाऱ्या भाकरीला संध्याकाळी चाळीस पडू लागल्या. धान्यवाल्यांनी कोठारं बंद केली आणि कोठारांच्या दारात माणसं तुडवली गेली.

"तेव्हापासून इथे माणसाच्या शब्दावर कोणी नोट घेत नाही," टिपणीस म्हणाले. "पाण्यावर घेतात. मला थोडा वेळ द्या, डॉक्टर. आपण हे पाणी घागरीघागरीनं आणू. भाव हलणार नाहीत इतक्या सावकाश."

उर्वीला ते पटलं. पुढे कित्येक दिवस तिला हेच बोचत राहिलं, की त्या दुपारी तिला ते पटलं होतं.

नमुन्यासाठी बर्फाचा एक तुकडा काढावा म्हणून दोघं पुन्हा त्या पठारावर गेले. छिद्र कुठे पाडायचं ते ठरवताना इम्तियाजला पडद्यावर एक बारीक काळी रेघ दिसली. सरळ, उभी, वरच्या चिकणमातीतून थेट बर्फात शिरलेली.

"निसर्ग इतकी सरळ रेघ ओढत नाही," तो म्हणाला.

त्यांनी दगड बाजूला केले, खालची लाल धूळ उपसली. गुडघाभर खाली पोलादी नळीचं तोंड लागलं. वरून झाकण बसवून चहूबाजूंनी धातू वितळवून जोड मारलेला. इम्तियाजने हातमोज्याने ते पुसलं आणि जोडाकडे बघत राहिला.

"हे आटे बघ. अशा नळ्या पहिल्या पिढीच्या कारखान्यात निघायच्या. तो कारखाना कोरडीच्या दुसऱ्या वर्षी बंद पडला. म्हणजे ही नळी त्याच्या आधीची." तो थांबला. "आणि तेव्हा इतकं खोल छिद्र पाडणारं यंत्र एकाच खात्याकडे होतं. जलकोषाकडे."

शिरस्त्राणात उर्वीला स्वतःचाच श्वास मोठमोठ्याने ऐकू येत होता. इथे कोणीतरी आलं होतं, खणलं होतं, बर्फाला हात लावला होता. आणि मग झाकण लावून परत गेलं होतं. बाबा जिवंत असताना.

टिपणीस नाकारतील, चिडतील, निदान दचकतील, असं तिला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"ती नळी तुमची आहे," ती म्हणाली.

"हो."

"कधीची?"

"कोरडीच्या पहिल्या वर्षाची. आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं आता नाहीत."

"मग थोडं थोडं का नाही सोडलंत? मला तेच सांगत होतात ना? घागरीघागरीनं!"

"ठरवलं होतं तसंच. पण पाणी आलं की लोक विचारतात, कुठून आलं. आहे म्हटलं की आणखी मागतात, आणि मागणाऱ्याचं पोर खरोखरच तहानलेलं असतं. एकदा दिलं की दुसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उरत नाही. माझी खात्री होती, दोन महिन्यांत सगळं बाहेर आलं असतं आणि पुन्हा छपाईचं वर्ष उजाडलं असतं. त्या वर्षात जितकी माणसं गेली, त्याच्या निम्मी कोरडीत गेली. मी निम्मी निवडली."

"निवडली?"

"सदाशिव सोनटक्के. तिसरा शेतघुमट," टिपणीस म्हणाले. "सगळी नावं पाठ आहेत मला."

उर्वीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. या माणसाच्या थोबाडीत मारावी, ओरडावं, काहीतरी करावं, असं तिला वाटत होतं. ती तशीच बाहेर पडली, ध्वनिक्षेपण कक्षात गेली, आणि अंगारकाच्या प्रत्येक घुमटात, प्रत्येक बोळात ऐकू जाईल अशा आवाजात तिने सगळं सांगून टाकलं. समुद्र सांगितला. नळीही सांगितली.

लोकांनी टिपणिसांना कार्यालयातून ओढत नेऊन जलमनोऱ्याच्या तळघरात कोंडलं. इम्तियाजने नळीचं झाकण कापलं, खाली तापलेली वाफ सोडली, आणि वितळलेलं पाणी गावात आलं तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्या बायका बोळांत भिजत नाचल्या. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी पाणी सांडू दिलं. उर्वीची आई, शालन, चौथ्या घुमटात खानावळ चालवायची. तिने लेकीला मिठीत घेतलं आणि दोघी ओल्या जमिनीवर बसून सदाशिवची आठवण काढून रडल्या.

दुसऱ्या दिवशी शालन पीठ आणायला हिराबाई कासारणीच्या कोठारावर गेली. गावातलं निम्मं धान्य हिराबाईकडे असायचं. शालनने घागरीच्या नोटा पुढे केल्या. हिराबाईने हात मागे घेतला.

"वहिनी, रागावू नका. पण या नोटेचं मी काय करू? हिच्यावर एक घागर पाणी मिळतं. पाणी तर दारात वाहतंय."

"अगं, काल घेतलीस ना!"

"काल पाणी नव्हतं."

शालनने वीस वर्षं खानावळीतून शिल्लक टाकलेल्या नोटा पत्र्याच्या डब्यात होत्या. त्या दिवशी तो अख्खा डबा देऊन पसाभर डाळसुद्धा मिळाली नाही. तिने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, तेव्हा तीन दिवसांचं पीठ आलं. पण सगळ्यांकडे बांगड्या नव्हत्या. शिंपी भाकरी मागायला आला, तर खानावळीला कपडे नको होते. मास्तर आले; त्यांच्याकडे तर देण्यासारखं शिकवण्याशिवाय काहीच नव्हतं. जो तो काहीतरी घेऊन हिंडत होता आणि ते नेमकं कोणालाच नको होतं.

मग प्राणवायू केंद्रात पहिली पाळी आली आणि दुसरी आलीच नाही. पगाराच्या नोटा कोणी घेत नसेल तर कामावर जायचं कशाला? माणसं पोरांना घेऊन धान्य शोधायला गेली होती. पाचव्या घुमटात हवा विरळ झाली. मुलं निळी पडू लागली, तेव्हा उर्वी आणि इम्तियाजने इतरांच्या मदतीने त्यांना रुग्णालयात उचलून नेलं. एक मुलगी वाटेतच गेली. उर्वीच्याच हातात.

घरी आल्यावर ती आईसमोर नुसती उभी राहिली.

"मी पाणी दिलं गं, आई," एवढंच ती म्हणाली. "नुसतं पाणी दिलं."

पंचमंडळाने सगळ्यांना मधल्या चौकात बोलावलं. नोट कशाशी बांधायची हा एकच प्रश्न होता. कोणी म्हणालं लोखंड, तर लोक हसले. पायाखालची धूळच लोखंडाची. कोणी म्हणालं धान्य, पण ते पुढच्या हंगामापर्यंत खाऊन संपणार. शेवटी उर्वी उभी राहिली. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"नोट कशाशीच बांधू नका," ती म्हणाली. "घागर चालत होती ती पाण्यामुळे नव्हे. ती मनाला येईल तेवढी वाढवता येत नव्हती, म्हणून चालत होती. कोऱ्या नोटा काढा. फक्त किती काढायच्या याला मर्यादा घाला. माणसं वाढली, काम वाढलं, की तेवढ्याच वाढवा. मग कोरड पडणार नाही आणि छपाईचं वर्षही येणार नाही."

"आणि ती मर्यादा राखणार कोण?" हिराबाईने विचारलं. "तुम्ही?"

"मी... किंवा तुम्ही निवडाल ते."

"बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण लोक तहानलेले आहेत हे तुम्हाला बघवलं नाही. एक दिवस दम धरवला नाही तुम्हाला. उद्या एखादी आई पोर घेऊन तुमच्या दारात रडली, तर तुम्ही तिच्यासाठी दहा नोटा छापाल. परवा शंभर जणी येतील. मी माझं धान्य तुमच्या दयेवर नाही विकणार."

हिराबाई बोलली ते खरं होतं. उर्वीने छापल्या असत्या.

चौकात कोणी एका पंचाचं नाव घेतलं, कोणी दुसऱ्याचं. प्रत्येक नावाला कोणीतरी म्हणे, "तो तर भिडस्त," "तिला रडणं सोसत नाही." तेवढ्यात मागून एक आवाज आला. उर्वीने तो ओळखला.

"टिपणीस," शालन म्हणाली.

सगळा चौक वळला.

"माझा नवरा त्याने डोळ्यांदेखत मरू दिला," शालन म्हणाली. "एवढा समुद्र खाली होता. एक पेला दिला नाही त्याने. जो माझ्या नवऱ्याला पाझरला नाही, तो कोणाला पाझरणार? त्याच्या सहीची नोट असेल तर मी घेईन आणि भाकरी देईन. दुसऱ्या कोणाची नाही घेणार."

"आई!" उर्वी ओरडली.

"मला कळतंय मी काय बोलतेय ते," शालन म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन खाली बसली.

कोणीतरी शिव्या देईल, दगड उचलेल, असं उर्वीला वाटत होतं. तिने चौकभर नजर फिरवली. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि एकेक मान हळूहळू हलत होती. इम्तियाज तेवढा जमिनीवर थुंकला आणि निघून गेला.

टिपणिसांना तळघरातून वर आणलं तेव्हा त्यांना दोघांनी धरावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नोटेवर काय छापायचं?" पंचांनी विचारलं. "बदल्यात काय देणार म्हणून लिहायचं?"

"काही नाही," टिपणीस म्हणाले. "आकडा आणि सही पुरे."

नोटा वाटायच्या दिवशी चौकात टेबल मांडलं होतं. माणशी सारख्या नोटा. शालनने आपल्या वाट्याच्या घेतल्या, उर्वीनेही घेतल्या. दूधघराच्या खिडकीवर सकाळीच सोयादुधाचा भाव खडूने लिहिला होता, पण खिडकी बंद होती. हिराबाई कोठाराच्या पायरीवर बसून नुसती बघत होती. दार बंदच होतं.

उर्वी रुग्णालयात डोकावून आली. पाचव्या घुमटातली मुलं अजून तिथेच होती. दोन दिवस त्यांना पाण्यात कालवलेल्या पिठाशिवाय काही मिळालं नव्हतं. काहींचे आईबाप त्या विरळ हवेत गेले होते, त्यामुळे त्यांच्या नावाने नोटा घ्यायलाही कोणी नव्हतं. ती तडक टेबलापाशी आली. तिने ठरवून काही केलं नाही. तिला फक्त ती तोंडं दिसत होती.

"साहेब, मुलांच्या वॉर्डासाठी शंभर नोटा जास्त काढा," ती म्हणाली. "शंभरच. एकदाच."

रांग थांबली. टिपणिसांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"वाटप ठरलंय, डॉक्टर."

"पोरं आहेत, साहेब. त्यांना दूध नाही. मी पाया पडते तुमच्या."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "नाही."

उर्वीचे हात टेबलाच्या कडेवर तसेच राहिले. त्या एका शब्दाने आपल्या बापाला मारलं, हे तिला ठाऊक होतं. आणि तोच शब्द आज सगळं गाव कान देऊन ऐकत होतं.

मागे लोखंड खणाणलं. हिराबाई उठली होती आणि कोठाराची कडी काढत होती. मग पलीकडच्या तेलवाल्याची फळी उघडली. मग मिठाची. रांग मोडली आणि माणसं नोटा मुठीत धरून धावली.

शालन लेकीजवळ आली. तिने आपल्या वाट्याच्या निम्म्या नोटा उर्वीच्या हातात कोंबल्या. उर्वीने त्यांत आपल्या सगळ्या घातल्या आणि दूधघराच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिने नोटा फळीवर पसरल्या.

"मुलांच्या वॉर्डासाठी," ती म्हणाली. "याचं जेवढं येईल तेवढं द्या."

दूधवाल्याने एक नोट उचलून उजेडात धरली, त्यावरची सही पाहिली, आणि मापं भरायला घेतली. भाव सकाळचाच होता.